कोश्चुश्को स्क्वाड्रनचं बोधचिन्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या शोकेसमध्ये हरिकेन ह्या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एक छोटं मॉडेल आहे आणि त्याच्या अंगावर हरभऱ्याच्या डाळीएवढं एक गोल चिन्ह आहे. घरी येणारा प्रत्येक दुसरा माणूस विमान सोडून त्या डाळीबद्दलच विचारतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, आता कुणी विचारलं की हेच पुढे सरकवणार.

हे चिन्ह नक्की कुणाचं?

पोलंडच्या हवाई दलातल्या कोश्चुश्को स्क्वाड्रनचं. १९१९ मध्ये ही स्क्वाड्रन उभी केली ती मुख्यतः अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांनी. पहिलं महायुद्ध संपलेलं, बाकीचे सैनिक घरी निघालेले, आणि ही मंडळी पॅरिसमध्ये जमून म्हणाली की आम्हाला पोलंडला जायचंय. पोलंड तेव्हा जेमतेम वर्षभराचा देश होता, १९१८ मध्ये १२३ वर्षांनी नकाशावर परत आलेला, आणि आल्या आल्या बोल्शेविक रशियाशी लढाईत अडकलेला. कागदोपत्री हे पोलिश हवाई दलाचं ७ नंबरचं एस्काड्रा, म्हणजे स्क्वाड्रनच.

चिन्हात काय काय दिसतं?

गोल चकती. मागे उभ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या, कडेने गोल फिरणारे तेरा तारे. मधोमध एक लाल चौकोनी टोपी आणि तिच्या मागे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन लांब दांड्यांचे विळे. बस एवढंच. मागचा भाग अमेरिकेचा, पुढचा पोलंडचा.

विळे दिसतायत, म्हणजे कम्युनिस्ट का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त मजा पण ह्यालाच येते. कारण ही स्क्वाड्रन लढली तीच मुळी रेड आर्मीशी. १९२० मध्ये बुद्योन्नीचं घोडदळ, म्हणजे सोव्हिएत पहिली घोडदळ आर्मी, पोलंडवर चालून येत होती तेव्हा हे वैमानिक पार झाडाच्या उंचीवर येऊन त्या घोडेस्वारांवर मशीनगन चालवायचे. तर एका बाजूला विळा-हातोडा आणि दुसऱ्या बाजूला विळेच, फक्त हातोडा नाही. पण दोन्ही विळे एक नव्हेत. सोव्हिएत चिन्हातला तो आपल्यासारखा छोटा, एका हातात धरायचा वाकडा विळा. ह्या चिन्हातला वेगळा आहे, माणसाएवढ्या लांब दांड्याचा, उभं राहून दोन्ही हातांनी फिरवत गवत नाहीतर धान्य कापायचा. आपल्याकडे ही वस्तू फारशी कुणी वापरत नाही त्यामुळे आपल्याला चटकन शब्दही सुचत नाही, मी पण विळाच म्हणतोय, चालवून घ्या.

पण ते विळे सरळ का दाखवलेत? पातं तर आडवं असतं ना?

बरोबर पकडलंत. शेतात वापरायच्या विळ्याचं पातं दांड्याला काटकोनात असतं. चिन्हात मात्र ते दांड्याच्याच रेषेत उभं आहे, भाल्यासारखं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. गावच्या लोहाराकडे नेऊन पातं सरळ करून बसवलं की शेतीचं अवजार लढाईचं हत्यार होतं, खर्च जवळपास शून्य. १७९४ मध्ये पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला, त्याचं नेतृत्व तादेऊश कोश्चुश्कोने केलं, ह्याच्याच नावाची ही स्क्वाड्रन. त्याच्याकडे बंदुका कमी होत्या आणि शेतकरी भरपूर होते, मग त्याने हेच सरळ केलेले विळे त्यांच्या हातात दिले. ४ एप्रिल १७९४ ला क्राकूफजवळ रात्सवावित्से गावापाशी त्याच्याकडे सुमारे दोन हजार विळेवाले शेतकरी होते, त्यातले काहीशे जण थेट रशियन तोफांवर धावून गेले आणि तोफा ताब्यात घेतल्या. पोलिश माणसाला सरळ पात्याचा विळा दाखवला की त्याला ही लढाई आठवते, वेगळं काही सांगावं लागत नाही.

म्हणजे चित्रकाराने पातं आडवं काढलं असतं तर ते नुसतं शेतीचं चित्र झालं असतं. पातं उभं केलं आणि उठाव झाला.

आणि ती टोपी?

ती क्राकूफ भागातल्या शेतकऱ्याची चौकोनी टोपी. पोलिशमध्ये अशा टोपीला रोगातिव्का म्हणतात, रूग म्हणजे कोपरा किंवा शिंग, तर चार कोपऱ्यांची टोपी. नंतर पोलिश सैन्याच्या गणवेशातही असल्याच कोपऱ्यांच्या टोप्या आल्या.

टोपीचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. रात्सवावित्सेच्या लढाईत बार्तोश ग्वोवात्स्की नावाचा एक शेतकरी तोफेपर्यंत पोचला तेव्हा तोफेची वात पेटलेली होती, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि वातीवर दाबून ती विझवली, अशी गोष्ट पोलंडमध्ये पोराटोरांना माहीत असते. त्याला वेठबिगारीतून मोकळं केलं, जमीन दिली. पण जगला नाही फार, दोनच महिन्यांनी श्चेकोचिनीच्या लढाईत जखमी होऊन गेला. मला विचाराल तर ही टोपी बघताना मला तीच वातीवर दाबलेली टोपी दिसते, चित्रकाराच्या मनात तसं असो नसो.

लढाईनंतर कोश्चुश्को स्वतः शेतकऱ्याचा अंगरखा घालायला लागला. सरदार घराण्यातला माणूस, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मग मे १७९४ मध्ये त्याने जाहीरनामा काढून वेठबिगारी कमी केली. उठाव शेवटी चिरडला गेला, ऑक्टोबरमध्ये तो जखमी होऊन पकडला गेला आणि १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला.

मग अमेरिकेचा काय संबंध? तेरा तारे कशाला?

कारण हाच कोश्चुश्को त्याआधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. १७७६ मध्ये तो तिकडे गेला, स्वयंसेवक म्हणूनच. पेशाने इंजिनियर, तटबंदी बांधण्यात हुशार. साराटोगाच्या १७७७ च्या विजयात त्याने निवडलेल्या आणि बांधलेल्या मोर्चांचा मोठा वाटा होता, मग वेस्ट पॉइंटचा किल्ला त्यानेच मजबूत केला. बेनेडिक्ट आर्नल्ड ह्या फितूर अमेरिकन सेनापतीने जो किल्ला ब्रिटिशांना विकायचा घाट घातला होता ना, तोच हा. १७८३ मध्ये त्याला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला गेला.

तेरा तारे आणि पट्ट्या म्हणजे तेव्हाच्या तेरा वसाहती. आताच्या अमेरिकन झेंड्यावर पन्नास तारे आहेत आणि १९१९ मध्ये अठ्ठेचाळीस होते, पण चिन्हात मुद्दाम तेराच घेतले. का, तर कोश्चुश्को ज्या अमेरिकेसाठी लढला ती तेरा वसाहतींची अमेरिका होती. थोडक्यात हे चिन्ह म्हणजे उधारीची वही आहे हो. एका पानावर लिहिलंय की तुमचा माणूस आमच्याकडे आला होता, दुसऱ्या पानावर की आता आम्ही तुमच्याकडे आलोय.

तेरा आकडा अशुभ वगैरे पण लोक विचारतात. वैमानिक लोक शकुन-अपशकुन फार मानतात हे खरं, पण इथे वसाहतीच तेरा होत्या तर काय करणार.

नाव नक्की कसं म्हणायचं?

कोश्चुश्को. मधल्या 'श्चु'वर जोर. ऑस्ट्रेलियात राहणारे आपले लोक ह्याच नावाच्या डोंगराला कोझियॉस्को म्हणतात, तो तोच. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर, २२२८ मीटर, १८४० मध्ये स्त्षेलेत्स्की नावाच्या पोलिश प्रवाशाने त्याला हे नाव दिलं. तिकडे ट्रेकला जाऊन आलेल्या आमच्या एका मित्राला चार वर्षं वाटत होतं की हे आदिवासी भाषेतलं नाव आहे.

चिन्ह कुणी काढलं?

स्क्वाड्रनमधल्याच इलियट चेस ह्या तरुण वैमानिकाने, टेक्सासचा मुलगा. म्हणजे कुठल्या ऑफिसात समिती बसून ठरवलेलं नाही, विमान उडवणाऱ्यानेच काढलंय. आणि स्क्वाड्रनचा मुक्काम होता ल्वूफ शहरात, म्हणजे आत्ताचं युक्रेनमधलं ल्विव. त्याच शहरात तेव्हा रात्सवावित्सेच्या लढाईचं ते अवाढव्य गोलाकार चित्र होतं, १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब, यान स्तिका आणि वोइचेख कोसाक ह्यांच्या टीमने लढाईच्या शंभराव्या वर्षी, १८९४ मध्ये पूर्ण केलेलं. विळेवाले शेतकरी, टोप्या, तोफा, सगळं त्यात आहे. आता ते व्रोत्सवाफला आहे, पोलंडला गेलात तर चुकवू नका, तिकिटाची रांग लागते पण वर्थ आहे.

विमानदलाचं चिन्ह आणि त्यात एकही पंख नाही?

हो, आणि मला हे चिन्ह आवडायचं खरं कारण हेच. जगातल्या स्क्वाड्रनची चिन्हं काढून बघा, गरुड, ससाणा, वीज, पंख, पंखा, बऱ्याच चिन्हांत असं काहीतरी असतं. पोलंडचं तर राष्ट्रीय चिन्हच पांढरा गरुड, तो आयता हाताशी होता, अमेरिकेचाही गरुडच. दोन्ही देशांत एक पक्षी कॉमन असताना तो घेतला नाही आणि घेतलं काय, तर शेतकऱ्याची टोपी आणि गवत कापायचं अवजार. हवेत उडणाऱ्या यंत्रावर जमिनीवरची सगळ्यात साधी वस्तू. माझ्या मते त्यामुळेच ते टिकलं. गरुड असता तर शंभर गरुडांमधला एक झाला असता.

हे लोक स्वयंसेवक होते की भाडोत्री?

स्वयंसेवक. पोलिश सैन्यात रीतसर भरती होऊन, पोलिश गणवेश घालून, पोलिश हुद्द्यावर लढले. पहिला कमांडर सेड्रिक फाँटलरॉय आणि कल्पना मुळात मेरियन कूपरची. कूपर पहिल्या महायुद्धात बॉम्बर उडवायचा, सप्टेंबर १९१८ मध्ये विमान पेटलं, हात भाजले, जर्मनांचा कैदी झाला. सुटल्यावर अन्नमदत वाटायच्या कामावर ल्वूफला गेला आणि तिथली अवस्था बघून त्याला वाटलं की नुसतं पीठ वाटून भागणार नाही. शिवाय त्याच्या घरात पोलंडची एक जुनी आठवण होती, त्याचा एक पूर्वज १७७९ मध्ये सवानाच्या लढाईत काझिमिएश पुवास्कीच्या सोबत होता. पुवास्की म्हणजे अमेरिकेसाठी लढलेला दुसरा पोलिश, तो त्याच लढाईत कामी आला. म्हणजे वहीतली ती उधारी कूपरच्या बाबतीत घरगुती पण होती.

कूपर म्हणजे तो किंग काँगवालाच का?

तोच! १९३३ चा किंग काँग काढणारा. जुलै १९२० मध्ये त्याचं विमान पडलं आणि तो सोव्हिएत कैदेत सापडला. अंगात रेड क्रॉसकडून मिळालेले वापरलेले कपडे होते, आतल्या कपड्यावर आधीच्या मालकाचं नाव, कॉर्पोरल फ्रँक मोशर. ह्याने तेच नाव सांगितलं आणि आपण कोण हे लपवलं. बनियनवरच्या नावाने जीव वाचला म्हणायचं. १९२१ मध्ये पळाला आणि लॅटव्हियात पोचला. पोलंडने त्याला विर्तुती मिलितारी दिलं, तिकडचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. आणि पोलंडमध्ये त्याचा एक मुलगा वाढला, मात्सेइ स्वोमचिन्स्की, ज्याने पुढे अख्खा शेक्सपिअर पोलिशमध्ये आणला. असो, विषय भरकटतोय.

कुणी मारलं गेलं का?

तीन अमेरिकन. पहिला एडमंड ग्रेव्हज, तो तर युद्धात पण नाही, नोव्हेंबर १९१९ मध्ये ल्वूफला कसरती दाखवताना विमान कोसळून गेला. आर्थर केली आणि मॅककॅलम १९२० मध्ये गेले. ल्विवच्या लिचाकिव दफनभूमीला लागून त्यांचं स्मारक आहे, पंख असलेल्या वैमानिकाचा पुतळा. बघा, चिन्हात नसलेले पंख शेवटी थडग्यावर आले. सोव्हिएत काळात १९७१ मध्ये त्या जागेची पार नासधूस झाली, दुरुस्तीनंतर २००५ मध्ये पुन्हा उघडली.

मग हे चिन्ह ब्रिटनच्या हरिकेनवर कसं आलं?

१९२१ मध्ये अमेरिकन घरी गेले पण चिन्ह पोलंडमध्ये राहिलं, स्क्वाड्रनचा नंबर बदलून पुढे १११ झाला, वॉर्साच्या संरक्षणाला. १९३९ मध्ये पोलंड पडला, वैमानिक रोमानिया-फ्रान्स असं करत करत ब्रिटनला पोचले. ऑगस्ट १९४० मध्ये लंडनजवळ नॉर्थोल्टला ३०३ नंबरची पोलिश स्क्वाड्रन उभी राहिली, त्यात १११ चे बरेच लोक होते. पूर्वी १११ चा कमांडर असलेला क्रास्नोदेम्ब्स्की इथेही कमांडर झाला, सोबत केलेट हा ब्रिटिश अधिकारी. नाव पण तेच ठेवलं, चिन्ह पण तेच.

३० ऑगस्टला सराव चालू असताना पाश्किएविच नावाच्या वैमानिकाला जर्मन विमान दिसलं, त्याने रांग सोडली आणि जाऊन ते पाडलं. शिस्त मोडली म्हणून बोलणी पण खाल्ली आणि शाबासकी पण मिळाली. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रनला लढायची परवानगी. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत, तिचा दावा १२६ विमानं पाडल्याचा, हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये सगळ्यात जास्त. नंतर जर्मन कागदपत्रांशी ताडून बघितल्यावर हा आकडा बराच खाली येतो, पण ते त्या लढाईत सगळ्यांचंच होतं. १७ विमानं एकट्या योसेफ फ्रान्तिशेकच्या नावावर, आणि तो पोलिश नव्हता, चेक होता! दुसऱ्याच्या देशासाठी लढायची ह्या चिन्हाखालची सवय काही सुटली नाही म्हणायची.

सगळ्या विमानांवर हेच एक चिन्ह असायचं?

नाही हो. हे स्क्वाड्रनचं, आणि त्याशिवाय वैमानिकाची स्वतःची हौस. ३०३ मधल्या यान झुम्बाखच्या स्पिटफायर विमानावर चक्क डोनाल्ड डक होता.

बाकीच्या स्वयंसेवक स्क्वाड्रनची चिन्हं अशीच अर्थपूर्ण आहेत का?

थोडक्यात सांगतो. फ्रान्ससाठी लढलेल्या अमेरिकनांच्या लाफायेत एस्काड्रिलचं चिन्ह होतं नेटिव्ह अमेरिकन योद्ध्याचं डोकं, आणि त्याची पहिली आवृत्ती एका काडतूस कंपनीच्या ट्रेडमार्कवरून उचललेली, १९१७ मध्ये ते बदलून जास्त रुबाबदार केलं. चीनसाठी लढलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या फ्लाइंग टायगर्सचा पंखवाला वाघ डिस्नेच्या चित्रकारांनी काढला, व्हिक्टरीच्या व्ही अक्षरातून उडी मारणारा. दिसायला भारी, पण कळायला सोपा, एका मिनिटात संपतो. (विमानाच्या नाकावरचे शार्कचे दात हे त्यांचं चिन्ह नाही, ते वेगळं.) गंमत म्हणजे कूपर १९४२ मध्ये चीनमध्ये शेनॉल्टचा, म्हणजे फ्लाइंग टायगर्सच्या प्रमुखाचा, चीफ ऑफ स्टाफ होता आणि ३०३ चा माजी कमांडर उर्बानोविच पण १९४३ मध्ये तिकडे जाऊन अमेरिकनांसोबत लढला. म्हणजे वहीत पुन्हा एक नोंद.

ह्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

चिन्हाचा थेट नाही, ओढूनताणून जोडणार पण नाही. पण पोलिश लोकांचा आहे, आणि तो मला, कोल्हापूरच्या माणसाला, सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोव्हिएत युनियनने १९४० च्या सुमारास पूर्व पोलंडमधून लाखो लोक सायबेरियात हाकलले, त्यातले सुटलेले काही इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. लढण्याच्या वयाचे पुरुष युद्धावर. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, आम्ही लहानपणी त्याच्या कट्ट्यावर बसून भेळ खायचो आणि वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा गावात बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

आज हे चिन्ह कुठे बघायला मिळेल?

वॉर्साच्या पूर्वेला मिन्स्क माझोव्हिएत्स्की तळावरच्या पोलिश लढाऊ स्क्वाड्रनने ते पुढे चालवलंय, त्यांच्या मिग-२९ वर होतं. म्हणजे रशियन बनावटीच्या विमानावर रशियाविरुद्धच्या उठावाचे विळे आणि अमेरिकेचे तारे! काही विमानांवर ३०३ च्या वैमानिकांचे चेहरे पण रंगवले होते, फोटो शोधून बघाच.

मला पण मॉडेलवर लावायचंय, काही टिप?

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, जास्त नको. चिमट्याने नाही तर ओल्या ब्रशने सरकवा. गोल असल्यामुळे फिरलं तरी पटकन कळत नाही आणि वाळलं की गेलं, म्हणून आधी भिंगातून बघा, पाती आणि टोपीचे कोपरे वर आले पाहिजेत. माझ्या पहिल्या हरिकेनवर डाव्या बाजूचं तिरकं बसलंय. ते शोकेसमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.